पोरीच्या झोपेचा बंदोबस्त

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला कमरेची परवानगी लागत नाही, तेव्हा पूर्ण वाकलो आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? ते खोकला नाही असं सांगतात आणि सांगता सांगता खोकतात, असं तू लिहिलं होतंस. त्यांना म्हणावं, जपा. आमच्याकडे सगळं उत्तम आहे. किती उत्तम, तेच सांगायला हे पत्र. फोनच केला असता, पण फोन मी बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला आहे. का, ते पुढे येईलच.

तुझ्या भाचीला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं तुला कळवलं होतं. ती रात्रपाळीची आहे, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं (राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं, तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस). रात्री नऊला जाते, सकाळी सातला सुटते. रात्रभर रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि नळ्या यंत्रात घालायच्या. पहिल्या आठवड्यात तिला दिवसा झोपच लागेना. दुसऱ्या आठवड्यात तिने एका आजोबांच्या नळीवर बाळंतिणीची चिठ्ठी लावली. यंत्रात घालायच्या आत तिचं तिलाच दिसलं म्हणून निभावलं, नाहीतर आजोबांना कसली कसली औषधं मिळाली असती कोण जाणे. त्यावर तिच्या मोठ्या बाईंनी तिला बजावलं की झोप पुरी कर, नाहीतर नोकरी पक्की होणं कठीण आहे. आणि त्यांनी उपायही सुचवला. रुग्णालयाच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, शांत आहेत, एक रिकामी आहे, हवी असेल तर पुढच्या महिनाअखेरीपर्यंत सांग.

ताई, तुझ्यापासून काय लपवू, ती खोली मला मुळीच रुचली नाही. तिची आई गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. ती तिकडे राहायला गेली तर मी इथे दूध तापवू कोणासाठी? मी म्हटलं, झोपच हवी ना, मग झोपेचा बंदोबस्त माझ्याकडे लागला. बत्तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो, तीन पाळ्यांतली नऊशे माणसं वेळेवर आत घेतली आणि वेळेवर बाहेर काढली. एका पोरीची झोप ती काय? निवृत्त झाल्यापासून इतका उत्साह मला कधी आला नव्हता. पायात चाकं लागल्यासारखा फिरतो आहे.

प्रथम वेळापत्रक केलं. सकाळी आठला रात्रीचं जेवण, नऊला निजानीज, दुपारी चारला सकाळचा चहा. लाल-निळ्या शाईत, रेघा मारून, बघत राहावं असं. ते तिच्या खोलीच्या दाराला लावलं. (पहिल्या दिवशी लावायला साडेनऊ वाजले आणि हातोडी वापरावी लागली, हा माझा दोष नाही, चिकटपट्टी संपली होती.) मग खिडकी. तिच्यावर आधी खाकी कागद, त्यावर जाड चादर, त्यावर माझी जुनी घोंगडी. असा मिट्ट काळोख झाला की तिसऱ्या दिवशी ती झोपली आहे का ते पाहायला आत गेलो आणि बादलीत पाय घातला. बादली आत का होती? उकाड्यात गारवा राहावा म्हणून मीच भरून ठेवली होती. पोरगी उठली, फरशी पुसली आणि पुन्हा आडवी झाली. गुणी आहे गं.

नोंदवहीही ठेवली आहे. दर तासाला दार किंचित उघडून विचारतो, झोप लागली का गं? ती आतून सांगते, हो बाबा. लगेच नोंद करतो. अकरा वाजता: झोपली आहे, असं तिने स्वतः सांगितलं. बारा वाजता: तसंच. सव्वा तीन आठवड्यांत एकदाही तिने नाही म्हटलेलं नाही. आता असा निकाल कुठल्या औषधाने येईल ते तूच सांग.

खरी लढाई बाहेरच्यांशी आहे. फोन वाजू नये म्हणून तो पिठाच्या डब्यात गेला. दाराच्या घंटीची तार काढून टाकली, तर लोक दार ठोकायला लागले. ठोकू नये अशी पाटी लावली, तर पाटी वाचून ठोकू नको म्हणजे काय हे विचारायला ठोकायला लागले. म्हणून आता मी तिच्या दाराला टेकवून खुर्ची ठेवली आहे आणि तिथूनच येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने खुणा करतो. खाली एक पत्रेवाला आहे, दिवसभर डबे ठोकतो. त्याला समजवायला गेलो. माणूस सज्जन निघाला, पण कानाने अधू (स्वतःच्याच धंद्यापायी), तेव्हा हळू ठोका हे मला फारच मोठ्याने सांगावं लागलं. शेवटी समोरच्या दुकानातला शिंपी बाहेर आला आणि म्हणाला, काका, ठोकणं परवडलं. कुकरच्या शिट्ट्यांचा प्रश्न मात्र मी डोकं लढवून सोडवला. डाळ-तांदूळ धुऊन, कुकर बंद करून मी तो वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे नेऊन ठेवतो, शिट्ट्या त्यांच्याकडे होतात आणि भात आमच्याकडे येतो. त्या बाईही भल्या. मिक्सर कधी लावला तर चालेल, हे विचारायला रोज दुपारी एकला स्वतः खाली येतात. कुजबुजतच विचारतात, पण ताई, त्यांची कुजबूज जिन्याच्या तळापर्यंत जाते.

आता मुख्य बातमी. काल यश आलं. काल मला निवृत्तिवेतनाच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जावं लागलं. सकाळी नऊला निघालो, ही रांग. बाकावर बसलो आणि विचार करता करता जरा डोळे मिटले, तर खिडकीतला कारकून घाबरून बाहेर धावत आला. जिवंत असल्याचं सांगायला आलेला माणूस हलवूनही उठेना म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळणारच. साडेचारला घरी आलो तेव्हा धाकधूक होती. खुर्ची रिकामी, खाली पत्रेवाल्याचं जोरात चाललेलं, रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं, आणि ही बया आत गाढ झोपलेली. नऊपासून. मध्ये एकदाही उठली नव्हती. रात्री कामावर जाताना तिचा चेहरा असा टवटवीत होता की वाटलं तिच्या आईलाच पाहतो आहे. बघ, माझी शिस्त तिच्या अंगात इतकी मुरली की मी नसतानाही चालू राहिली. बंदोबस्त म्हणतात तो याला.

तर अशी सगळी खुशाली आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्याला आराम. पत्राचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. सावकाश नको, लगेच दे. काल उठल्यावर चहा घेताना ती म्हणाली, बाबा, तुम्ही रोजच असं कुठेतरी जात जा ना. हसत म्हणाली, पण मी तीन पाळ्यांची माणसं पाहिली आहेत, हसत हसत कोण काय सांगतं ते मला कळतं. हे पत्र लिहून झाल्यावर त्याचाच विचार करत बसलो. नोंदवही उघडली आणि पुन्हा वाचली. दर तासाला हो म्हणायला माणूस जागाच लागतो, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा मी दोन महिने तुझ्याकडे येऊन राहू का? महिनाअखेर दहा दिवसांवर आली. दोघांपैकी एकाने घर सोडायचंच असेल तर मी सोडतो. पोर घरातच राहू दे. माझं जेवण थोडं आहे आणि मी भांडी घासतो. तिला यातलं काही कळवू नकोस.

आत्या, बाबांनी पाकीट चिकटवलं नव्हतं आणि टपालात टाकायला माझ्याच हाती दिलं, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. मी जागी राहते ती आवाजाने नाही. मला तर पत्रेवाल्याच्या ठोक्यांत छान झोप लागते. पण बाबा दाराबाहेर त्या खुर्चीत बसून पेंगतात, आणि ते पडतील म्हणून मी आत कान लावून पडून असते. रात्रीही ते झोपत नाहीत. मी कामावर असते तेव्हा आमच्याकडचा दिवा पहाटेपर्यंत चालू असतो, असं वरच्या बाईंनी मला सांगितलं. दिवसा पहारा आणि रात्री वाट बघणं, तीन आठवडे. काल ते घरात नव्हते, म्हणजे पडणार नव्हते, एवढ्यावर मी झोपले. त्या खोलीला मी परवाच नकार देऊन आले आहे. त्यांना ते आता सांगत नाही, कारण सांगितलं तर ते तुझ्याकडे यायचे नाहीत. तुझा गुडघा फार दुखतो असं काहीतरी लिही, त्यांना बोलावून घे आणि झोपू दे. पण दोन महिने नाही हं, आत्या. आठच दिवस. नवव्या दिवशी मला ते घरी हवेत.