येताना दोन लिंबं

डॅडी, मी इथे बहारीनलाच, सीफमध्ये मॉलच्या पार्किंगला गाडीत बसून लिहितेय. एसी चालू ठेवलाय, बाहेर संध्याकाळीसुद्धा भट्टी आहे. समोरच्या टॉवरमध्ये थोड्या वेळात आमच्या मदतवाल्या ग्रुपची मीटिंग आहे. तिथे उभं राहून मला सांगायचंय की मनामातल्या एका खोलीतल्या सहा माणसांचं रेशन चालू ठेवायचं की बंद करायचं. त्यांची कंपनी बसली, पगार कधीपासून नाही, व्हिसा संपलाय, त्यामुळे दुसरीकडे नोकरी नाही आणि पैसे अडकलेत म्हणून घरीही जाता येत नाही. आम्ही देतो तेवढ्या डाळ-तांदळावर ते जगतायत. तू असतास तर म्हणाला असतास, बाय, आधी काहीतरी खा.

तू गेलास तेव्हा मी आठवीत होते, त्यामुळे तुला माहीतच नाही की तुझ्या मुलीला इतिहासाचं वेड लागलंय. तेही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या गरिबांचं! ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, "बहारीनमध्ये राहून तिकडचे मेलेले लोक काय वाचत बसतेस गं?" तिला काय सांगू, सुरुवात तूच करून दिलीस. चर्चच्या सेलमधून तू माझ्यासाठी जाडं चित्रांचं पुस्तक आणलं होतंस, आठवतंय? तुला इंग्लिश वाचायचा कंटाळा, म्हणून मी चित्राखालचं वाचायचे आणि तुला मराठीत सांगायचे, माझ्या त्या मोडक्या मराठीत. एका चित्रात वर्कहाउस होतं. ज्यांचं कुणी नाही, काम नाही, त्यांना सरकार तिथे ठेवायचं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. जेवायचा मोठा हॉल, लांबच लांब बाकं, आणि सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून बसलेली, परीक्षेला बसल्यासारखी. तू कांदा चिरता चिरता वाकून बघितलंस आणि म्हणालास, "सगळ्यांची पाठच? मग मीठ कोण कोणाला देणार?" मी किती हसले होते. आता त्या विषयावर कितीतरी वाचलंय, पण एवढं मुद्द्याचं मला कुठेच सापडलं नाही.

तू हॉटेलात कुक होतास, पण गेस्टच्या किचनमध्ये नाही, खाली तळमजल्यावरच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये. आणि शुक्रवारी सुट्टी, तर घरी उम्म अल हस्समच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये पुन्हा तुझा टोप गॅसवर. कोण कोण यायचं जेवायला! कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा आजारपणात पगार कापलेला. तू फोनवर प्रत्येकाला काहीतरी आणायला सांगायचास. "येताना कोथिंबीर आण." "येताना बर्फ आण." आणि एक अंकल होते, त्यांना तर सहा महिने काम नव्हतं, त्यांना तू म्हणालास, "येताना दोन लिंबं आण रे, विसरू नको, माझं जेवण अडेल." मला तुझा इतका राग आला होता. फ्रिजमध्ये लिंबं होती, मी बघितली होती. ते अंकल आले तर दारातूनच ओरडले, "आणली हां लिंबं! आता वाढ!" आणि ऐटीत बसले. मी त्यांना मध्येच विचारलं, "अंकल, तुम्हाला अजून जॉब नाही मिळाला?" तू मला किचनमध्ये बोलावलंस. ओरडला नाहीस, पण तुझा आवाज असा खाली गेला की मला ओरडणं परवडलं असतं. म्हणालास, "बाय, आपल्याकडे ताटावर चौकशी नसते. जेवणाऱ्याचीपण नाही आणि जेवू घालणाऱ्याचीपण नाही. समजलं? जा, पापड ने."

ती लिंबं मला मोठेपणी पुस्तकात भेटली, डॅडी. तिकडे गिरणीतले, खाणीतले लोक स्वतःचे क्लब काढायचे. दर आठवड्याला जमायचं, प्रत्येकाने पेटीत थोडं टाकायचं, आणि कुणी आजारी पडला, मेला, की त्या पेटीतून. दान मागायचं नाही, स्वतःच्या हक्काचं घ्यायचं. आणि दुसरीकडे बड्या घरच्या बायका दान द्यायच्या आधी गरिबांच्या घरी जाऊन बघायच्या. जमीन झाडलीय का, दारूचा वास येतो का, चुलीवर काय आहे. हा लायक, हा नालायक. आमच्या ग्रुपमध्ये मी ह्याच्यावर प्रेझेंटेशन दिलं, स्लाइड्स वगैरे, एकदम जोशात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे सर, म्हणजे कमिटीचे हेड, पुण्याचे, बँकेत मोठ्या पोस्टवर आहेत, ते म्हणाले, "व्वा! तूच पुढच्या व्हिजिटला जा. आपल्याला जेन्युइन केसेस शोधायच्यात." आणि माझ्या डोक्यात तेव्हा काही पेटलंच नाही. मी खूश होऊन हो म्हटलं.

म्हणून गेल्या शुक्रवारी मी आणि कमिटीतल्या आंटी त्या खोलीवर गेलो. जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, दुसरा मजला, जिना अंधारा. दार उघडलं आणि चिकनचा वास. खोली चकाचक पुसलेली, चादरी ताणलेल्या, सहाही जण आंघोळ करून शर्ट घालून उभे. दापोलीकडचे एक सुतार काका, वयाने मोठे, ते पुढे झाले. "या या, बसा. जेवूनच जायचं हां." आंटींनी सरळ टोपावरचं झाकण उचललं. मग माझ्याकडे बघून, हळू पण ऐकू जाईल इतक्या आवाजात, "बघ गं. आपण इथे डाळ वाटतो, आणि ह्यांचं चाललंय बघ." काकांना म्हणाल्या, "आम्ही कुणाकडे खात नाही, रूल आहे." आणि फोन कानाला लावून खाली उतरल्या. मी दारात चप्पल घालतेय, आणि काका म्हणतात, "पोरी, तुम्ही येणार म्हणून केलं गं. पाहुण्याला काय नुसती डाळ वाढायची? खालच्या कोल्ड स्टोअरच्या दुकानदाराची फळी ठोकून दिली, त्याने कोंबडी दिली. तू तरी बस." मी म्हटलं, "नको काका, भूक नाही."

आंटींनी गाडीत बसायच्या आधीच ग्रुपवर टाकलं होतं. चिकन शिजत होतं, रेशनची गरज दिसत नाही. सरांनी लिहिलं, मीटिंगमध्ये कन्फर्म करू. मी रोज टाइप करते आणि पुसते. कारण बघ ना, कोंबडी कुठून आली हे सांगितलं तर सर म्हणणार, म्हणजे काम करतायत! विदाउट व्हिसा! मग नुसतं रेशन नाही जाणार, कुणीतरी कुठेतरी बोलणार आणि काकांना पकडून नेणार. आणि नाही सांगितलं तर सहा माणसं मजेत चिकन खाणारी ठरणार. इकडून बोलले तरी मेले, तिकडून गप्प बसले तरी मेले. जाते आता.

परत आले. अजून तिथेच, पार्किंगमध्ये.

सरांनी विचारलं, "सो, कन्फर्म?" आंटी म्हणाल्या, "मी स्वतः झाकण उघडून बघितलं." मी उभी राहिले. मी इंग्लिशमध्ये बोलायचं ठरवून गेले होते आणि तोंडातून मराठीच आलं. म्हटलं, "ते चिकन आपल्यासाठी होतं. आपण येणार म्हणून केलेलं. आपण गेलो नसतो तर ते डाळच खात होते." सर म्हणाले, "ओके, पण चिकन आणलं कशाने?" मला तिथे तुझा तो खाली गेलेला आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "सर, मी विचारलं नाही. आमच्या घरी जेवू घालणाऱ्याची चौकशी करत नाहीत." खरंच आहे ना, मी कुठे विचारलं होतं? काकांनी आपणहून सांगितलं. सर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "राहू दे त्यांचं. पण पुढच्या व्हिजिटला तू नको. तू इमोशनल होतेस." खलास. रेशन राहिलं, माझी व्हिजिट गेली. पुढच्या वेळी जो कोणी जाईल, तोही झाकण उघडेल, हे मला माहीत आहे.

लिफ्टमध्ये मी आणि आंटी दोघीच. त्या आकडे बदलताना बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांच्या तोंडावर ताट नाकारलं?" पार्किंगला आल्यावर म्हणाल्या, "वास मात्र छान येत होता गं," आणि पर्समध्ये उगाच चाव्या शोधत राहिल्या.

मी काकांना फोन केला. रेशन चालू राहणार म्हटल्यावर त्यांनी पलीकडे सगळ्यांना ओरडून सांगितलं. मी म्हटलं, "काका, शुक्रवारी जेवायला येऊ? आता मी व्हिजिटवाली नाही." ते म्हणाले, "अगं ये की! डाळ असेल हां ह्या वेळी." "चालेल. काय आणू?" "काय नको, तू ये नुसती." डॅडी, त्या एका वाक्यावर मला कळलं की लिंबं मागितली नाहीत तर कसं वाटतं. मी म्हटलं, "नाही काका, काहीतरी सांगाच. रिकाम्या हाताने नाही येणार." ते हसले. जरा विचार करून म्हणाले, "मग लिंबं आण. दोन बस."

हे कुठे पाठवणार मी, तुझा काही पत्ता नाही. फोनमध्येच राहील. फक्त एक सांगायचं होतं. त्या दिवशी दारात मी खोटं बोलले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि त्या रश्श्याला तुझ्या रश्श्यासारखाच वास येत होता. मला भूक लागली होती, डॅडी.