काशिनाथवरचा आळ

२१ नोव्हेंबर १९७८

जेवणावर मन नाही. कळवणच्या दवाखान्याची जुनी जीप आज चौथ्यांदा माझ्या गॅरेजात आली. दुखणं तेच, पहाटे इंजिन मिसिंग करतं. प्लग बदलून झाले, कार्ब्युरेटर साफ करून झाला. गेल्या महिन्यात मीच डॉक्टरीणबाईंना म्हणालो होतो, ड्रायव्हर पेट्रोल चोरून विकत असणार आणि टाकीत रॉकेल मिसळत असणार. त्यांनी काशिनाथला काढून टाकलं. आता ड्रायव्हर नवा, आणि गाडी तशीच अडखळते!

सकाळी शटर ओढून अंधार केला, इंजिन चालू ठेवलं आणि प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाणी शिंपडलं. केसाएवढी चीर, आणि तिच्यावरून पळणारी निळी ठिणगी. केसाएवढी! दव पडलं की करंट तिथूनच निसटत होता. रॉकेल कुठलं आणि काय!

बाईंना फोन केला आणि तसाच एसटीने लासलगाव गाठलं. काशिनाथ तिथे कांद्याच्या गोण्या उचलतो. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "दव पडल्यावरच अडती, हे मी तुमाला दोनदा सांगितलं व्हतं, शेठ."

खरंच सांगितलं होतं. मी ऐकलं का नाही? तो नुसता ड्रायव्हर म्हणून?

"बाई परत बोलावतायत तुला," मी म्हणालो.

"येईन. पन आधी घरी चला. माझ्या बायकोला तुमच्या तोंडानं सांगा. तिलाबी तुमचंच खरं वाटलं व्हतं."

दारात उभं राहून सांगितलं. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.