ट्यूबमधले तांदूळ

आई, काल मी थोरल्याला विचारलंच. तुझा हा नातू चाकणच्या कंपनीत चाकं तोलायच्या यंत्रावर काम करत आला, तरी मी त्याला कधी विचारलं नव्हतं. आपल्या घरात चाकाचा विषय निघाला की कुणीतरी पाणी आणायला उठायचं, तीच सवय मला राहिली. म्हटलं, टायरच्या आत काही सुटं टाकलं, दाणे म्हण, वाळू म्हण, तर फिरताना चाक आपोआप तोललं जातं का रे? तो चहा पिता पिता थांबला. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हे?" मी तुझं नाव नाही घेतलं. वाचलं कुठेतरी, म्हटलं.

तुला सगळं माहीत आहे, पण मला नीट आठवतंय का ते लिहून बघते. आबांनी आणि मामानं निम्मे निम्मे पैसे घालून मिलिटरीची मोडीत काढलेली लॉरी घेतली होती. मामा म्हणजे तुझा पाठचा भाऊ. आपल्याकडेच चिंचवडला राहायचा, तुझ्या हातचं खायचा आणि तुझीच थट्टा करायचा. चाकणचा कांदा भरून तो मुंबईला जायचा. भरलेली लॉरी बरी चालायची. येताना रिकामी असली आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतला की पुढचं एक चाक नाचायला लागायचं. आबांनी ते किती वेळा काढून लावलं असेल. मामा घरी आला की आधी मनगटं चोळायचा, मग चपला काढायचा.

त्या दिवशी आबा अंगणात ट्यूब घेऊन बसलेत. ट्यूब फाटलीय, चार बोटं आत जातील एवढी, आणि ते ठिगळ कापतायत. तू स्वयंपाकघरातून मूठ मिटून बाहेर येतेस. मुठीत आंबेमोहोर, त्याला हळदकुंकू लावलेलं. लॉरीची पूजा झाली होती पण ओटी भरायची राहिली, हे तुझ्या डोक्यात बसलं होतं. आबा म्हणाले, "अगं, लॉरी हाय ती, लेक न्हाई." तू म्हणालीस, "माजा भाऊ तिच्या पोटात बसून जातो. तिला कोरडी कशी धाडू?" आणि आबा नको म्हणेपर्यंत मूठ त्या फाटीतून आत सोडलीस. मामा हसून लोळायचा बाकी राहिला. "अक्का, नारळ मावंना व्हय गं?" आबांनी कपाळाला हात लावला आणि वरून ठिगळ चिकटवलं. बायकोशी वाद घालण्यापेक्षा ठिगळ सोपं, असा त्यांचा स्वभाव.

मामा परत आला तो चपला न काढताच आत. "अक्का, चाक नाचायचं थांबलं!" कुणाचा विश्वास बसेना. आबांनी लॉरी जॅकवर उचलून चाक हातानं फिरवलं. हळू फिरवलं की आत दाणे खुळखुळायचे. जोरात फिरवलं की आवाज बंद, जणू आत काही नाहीच. आबा कितीतरी वेळ तेच करत बसले. रात्री जेवताना म्हणाले, "जड बाजूच्या समोर जाऊन बसत असत्याल." तू त्यांच्या ताटात भाकरी न विचारता वाढलीस. पावसाळा सरताना चाक पुन्हा थरथरायला लागलं, तेव्हा आबा आपणहून तुझ्याकडे आले. "आनखी मूठभर दे गं." कागदाची नळकांडी करून, व्हॉल्व्हच्या भोकातून एकेक दाणा आत सोडत तुम्ही तिघं सगळी दुपार बसला होतात. मामा मोजायचा आणि मुद्दाम चुकायचा. तुला तेवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मग एका खेपेला तळेगावच्या पुढे तोच टायर फुटला आणि लॉरी वडावर गेली. मामाला घरी आणणाऱ्यांपैकी एकानं सांगितलं, रस्त्यावर पीठ सांडल्यासारखं पांढरं पडलं होतं. त्याला काय माहीत, तो आपला सांगून गेला. शेजारची म्हातारी म्हणाली, "कावळा बसाया अन् फांदी मोडाया." आबा म्हणाले, "टायर जुना व्हता." दुसऱ्यांदा तांदूळ आपण मागितले होते, हे त्यांनी कधी म्हटलं नाही. तूही त्यांना आठवण करून दिली नाहीस. तू रडलीस, उठलीस, चूल पेटवलीस. फक्त त्यानंतर कुणाची ओटी भरली नाहीस. आल्यागेल्या सवाष्णीला कुंकू लावायचीस आणि हात पदराखाली घ्यायचीस.

माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मी तुझ्यासमोर पदर पसरून उभी आहे. सुपात तांदूळ आहेत, नारळ आहे, खण आहे. तू पदराकडे बघतेस, मग मागे वळून काकूला हाक मारतेस. "तू भर गं. माजा हात नगं." काकूनं भरली. काकूचा हात चांगला होता, माझा संसार चांगला झाला, रहाटणीत घर झालं. सातव्या महिन्यातही काकूच आली. मी तुला काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस, आणि मग तू गेलीस.

थोरला म्हणाला, खरं आहे ते. मोठ्या ट्रकच्या टायरात हल्ली बारीक गोळ्या टाकतात. वेग आला की त्या हलक्या बाजूला सरकतात; कमी वेगात उलटंही होतं. मी विचारलं, तांदूळ टाकले तर? तो हसला. "तांदळाचं पीठ होईल. पावसाळी हवेत गोळा होऊन एका जागी चिकटलं, तर चाक आणखी नाचेल." आणि टायर फुटेल? "सांगता येत नाही. त्या वेळच्या ट्यूबला ठिगळंच ठिगळं असायची. टायर बघितल्याशिवाय कोण सांगणार?" टायर कुठून दाखवू त्याला.

म्हणजे दाण्यांबद्दल आबांचं बरोबर होतं आणि टायर का फुटला ते कुणालाच ठाऊक नाही. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की आत काहीतरी हलेल. मी कप विसळले, दुधाला विरजण लावलं, झोपले. झोपही लागली. आज सकाळी हे लिहायला बसले, तेही बधिरपणेच. पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण हे वाचून तुझी सुटका होत नाही.

एक मात्र सांगते, जे त्या मांडवात तोंडातून निघालं नाही. आई, तुझ्या तांदळानंच मामा गेला असला, तरी माझ्या ओटीत मला ते तुझ्याच हातचे हवे होते.