काचेआडचा रंधा

मी, खाली सही करणारी, वय पंचेचाळीस, शिक्षण भौतिकशास्त्रातली पदवी, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता माझ्याच वर्कशॉपच्या टेबलावर बसून लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," आणि लगेच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" शुद्धीचा दाखला त्यांनी दिला आहे. राग मात्र आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, असं मी वकिलांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "बहुतेक सगळी तशीच लिहिलेली असतात."

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव नवऱ्याला. तो कॉलेजात हिशेब शिकवतो, त्यामुळे अधिक सूचना नाहीत. स्वयंपाकघराचं दार ओल लागली की फुगतं. ते तासायला बाहेरचा माणूस बोलावू नये.

२. माझ्या डायऱ्या जाळून टाकाव्यात. त्यात लाकडाचे भाव आणि स्वतःविषयीच्या शंका यांपलीकडे काही नाही.

३. वर्कशॉपचं सगळं सामान, म्हणजे ड्रिल मशीन, कटर, राउटर, शिकंजे आणि पटाशा, पॉलिशवालीला. ही माझी धंद्यातली जोडीदारीण. आली पॉलिश करायला आणि राहिली सगळंच करायला, पण नाव तेच पडलं. 'मेलेल्यांचा खोका'ही तिचाच. आमची पद्धत अशी, की आपल्याकडे आहे त्याच मॉडेलचं बंद पडलेलं मशीन भंगारात दिसलं की उचलून आणायचं. एकाचं बेअरिंग, दुसऱ्याचा गिअर, तिसऱ्याचं बटण. कंपनीने सुटे भाग देणं थांबवल्यापासून आमची हत्यारं या खोक्यावर जगली आहेत. नवऱ्याने तो खोका अडगळ समजू नये.

४. आता रंधा मशीन. माझा जुना रंधा मी कुणाला देऊ शकत नाही, कारण कायद्याने तो आता माझा नाही. हे कसं झालं ते लिहून ठेवणं भाग आहे.

तो मी पहिल्या कमाईतून घेतला होता. बॉडी धातूची. मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले की बाहेरूनच काढून बदलायचे, त्यासाठी मशीन उघडावंही लागत नसे. बटण सोडलं की ते बाहेर यायचं, कायम. कंपनीने ते मॉडेल बंद केलं. नुसतं बंद केलं असतं तर मी दुःख मानून गप्प बसले असते. त्यांनी तेच नाव आणि तोच रंग हलक्या प्लास्टिकला दिला. आत कार्बनपर्यंत पोचायला वाट नाही, स्क्रू असे की कुठलाच पेचकस बसत नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे दुरुस्त नाही करत. बदलतात."

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने मला न सांगता जुना रंधा नेऊन बदली योजनेत नवा आणला. "अगं, भावही चांगला दिला, वर एक टोपी दिली." प्रेमाने केलं, म्हणून मी त्याला माफ केलं आहे. टोपी त्याने ठेवावी.

पण ते दुकान माझ्या धाकट्या भावाचं. तो रंधा त्याने ओळखला नाही असं होणार नाही. तो शाळेत असताना त्याची बॅटसुद्धा मी त्याच रंध्यावर तासून दिली आहे. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याने रंध्याची वायर कापली, कंपनीला फोटो पाठवला, आणि मशीन काचेच्या कपाटात दिवा लावून मांडलं. खाली पाटी, 'तीच मजबुती, आजही'. म्हणजे जुन्याला दाखवून नवं विकायचं. मी परत मागितलं तर म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक ते बघूनच आत येतं. आणि वायर कापलेल्या मशीनचं तू काय करणार?" वायर जोडायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत आहे.

गोष्ट इथेच थांबली असती तरी चाललं असतं. गेल्या महिन्यात पॉलिशवाली नव्या रंध्यावर दाराची फळी तासत होती. वीज गेली. तिने बटण सोडलं आणि तोंडाशी अडकलेला भुसा काढायला बोटं घातली. बटण आतच अडकलं होतं. वीज आली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

कंपनीने कळवलं की प्लग काढायला हवा होता, तसं पुस्तिकेत छापलं आहे. हे खरं आहे, म्हणून मी इथे लिहिते. पण सोडल्यावर जे सुटत नाही ते बटणच नव्हे, हेही खरं आहे, आणि ते पुस्तिकेत छापलेलं नाही.

५. भावाचं दुकान ज्या गाळ्यात आहे, त्यात वडिलांच्या पश्चात माझा अर्धा हिस्सा आहे आणि भावाला तो हवा आहे. माझ्या मृत्यूनंतर महिन्याभरात त्याने काचेआडचा रंधा काढून, नवी वायर घालून पॉलिशवालीला दिला, तर हिस्सा त्याचा. नाहीतर हिस्सा तिचा. सख्ख्या भावाशी असा सौदा करणं शोभतं का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. शोभत नाही. तरी कलम ठेवते.

६. वरचं कलम ५ रद्द. खोडलेल्या प्रत्येक ओळीवर माझी सही आहे. कारण असं.

काल संध्याकाळी मी हा मसुदा पॉलिशवालीला वाचून दाखवला. ती पट्टी बांधलेल्या हाताने चहा ओतत होती.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर मला रंधा मिळणार."

"हो."

"आणि नाही मेलात तर?"

मी कलम ५ पुन्हा वाचलं.

"बाई, सोमवारपासून कामावर येतेय मी. तुमच्या मरणाची वाट बघत त्याच नव्या भुतावर काम करू? शिकलेल्या ना तुम्ही?"

आज दुकान उघडताच आम्ही दोघी गेलो. मी भावाला सांगितलं, गाळ्याचा हिस्सा तुझा, अट नाही, मी जगो वा मरो. रंधा मात्र आत्ता नेणार. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकासमोर नको." गिऱ्हाईक एकच होतं. पॉलिशवालीने पट्टीतला हात काउंटरवर ठेवला आणि त्याला म्हणाली, "घ्या, पाटीखाली हाही मांडा."

भाऊ त्या हाताकडे बघत राहिला. मग स्वतःच स्टुलावर चढला आणि रंधा काढून तिच्या डाव्या हातात दिला. पाटी त्याने काढली नाही. त्याबद्दलचा राग मी कायम ठेवते. हिस्सा दिला आहे, तो परत घेत नाही.

७. नवा रंधा विकू नये, बदलू नये, कुणाला फुकटही देऊ नये. कुणीतरी तो हातात धरेल.

साक्षीदार : १) शेजारची शिंपीण (सही) २) वखारवाले काका (सही)
दोघांनीही मला सही करताना पाहिलं. काकांनी मजकूर वाचायला मागितला, तो दिला नाही.

ठिकाण : वर्कशॉप
तारीख : बुधवार, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी
(सही) मृत्युपत्र करणारी