छातीठोक अंदाज

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागलं आहे आणि वळणाची नोंद असलेली बरी.

बस स्टँडवरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये बसून इतकी वर्षं मी माइकवर सांगते आहे की सहा नंबरला उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल. (थोड्याच वेळात हे साफ खोटं.) सगळं गाव मला ऐकतं. बघत कोणी नाही. आज लोकल चॅनेलमधून फोन आला. त्यांना हवामान सांगायला बाई हवी आहे. त्यांच्या प्रोड्युसरबाईंनी गाडीची वाट बघताना माझा आवाज ऐकला म्हणे. गाडी उशिरा होती, म्हणजे भरपूर ऐकला. ऑडिशन बावीस तारखेला. कॅमेऱ्यासमोर!

मी अजिबात हुरळून गेलेले नाही. आई, दादा, वहिनी, चौकशी खिडकीतली मैत्रीण, वरच्या मजल्यावरचे आणि एक राँग नंबर, एवढ्यांनाच सांगितलं.

४ फेब्रुवारी
आरशासमोर हवामान सांगून पाहिलं. आवाज फर्स्ट क्लास. चेहरा चालेल, प्रसंगी धावेल. मान ठीक. मानेखाली निरभ्र.

स्पष्टच लिहिते, इथे कोण वाचतंय. छाती या विषयात निसर्गाने माझ्या बाबतीत हात आखडता घेतला. सदतीस वर्षांची झाले, मला त्याचं कधीही काहीही वाटलेलं नाही. फक्त रेडीमेड ड्रेस घालून वाकलं की मी वाकते आणि ड्रेसचा पुढचा भाग तसाच उभा राहतो. भाडेकरू न मिळालेल्या फ्लॅटसारखा. एवढंच.

वहिनीला विचारलं, ऑडिशनला काय घालू. म्हणाली, निळा टॉप घाल ना, छान दिसतो तुला. वहिनी माझ्याच अंगलोटाची, उलट एखादा नंबर कमीच. पण तिला विषयाची जाणच नाही. हाताला लागेल ते घालते आणि वर छान दिसते. अभ्यास शून्य.

६ फेब्रुवारी
विषय पिंजून काढला. केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात व्हिडिओ बघितले. (एक गाडी माझ्याशिवाय सुटली. ड्रायव्हर अनुभवी होता.)

लहान छातीच्या बायकांचे कपडे हे चक्क शास्त्र आहे. खोल गळा नको, तो नुसता लोंबतो. बोट नेक घ्यावा. योकखाली, म्हणजे खांद्याच्या पट्टीखाली, बारीक चुण्या. वर फिका रंग, खाली गडद. आडवे पट्टे. छातीवर झाकणवाले खिसे. फ्रिल. समोर गाठ मारायची. छातीच्या लगेच खाली बेल्ट. वरून आखूड जॅकेट. प्रिन्सेस कट रेडीमेड घेऊ नये, आत भरायला काही नसलं की सुरकुततो.

व्हिडिओतली बाई शेवटी म्हणाली, यातलं एखाददुसरंच वापरा. का? डॉक्टरने पिशवीभर औषधं दिली तर आपण त्यातली एखाददुसरीच गोळी घेतो का?

निर्णय: सगळं वापरायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार
चौकशीवालीबरोबर खरेदी. ती माझ्या उलट, भरल्या अंगाची. रस्ताभर सांगत होती की तिला माझा हेवा वाटतो. मला बससाठी पळता येतं, शर्टाचं तिसरं बटण सांभाळत बसावं लागत नाही, पट्ट्यांनी खांदे दुखत नाहीत. मन राखायला किती खोटं बोलते बिचारी. मी मनावर घेतलं नाही.

ट्रायल रूममध्ये मानेत बांधायचा हॉल्टर टॉप घालून बघितला. व्हिडिओत त्याची फार तारीफ होती. बसला झकास. काढताना कोपरं वर आणि डोकं आत अडकलं. बाहेरून दुकानातली मुलगी विचारत होती, मॅडम, साइझ बसतोय ना? मी आतून ओरडले, बसतोय, निघत नाहीये! चौकशीवाली आत आली मदतीला आणि हसत हसत खालीच बसली. मग मलाही हसू आवरेना. हॉल्टरमध्ये डोकं अडकलेलं असताना हसणं धोक्याचं आहे, श्वास फ्रिलमधून घ्यावा लागतो.

काहीच घेतलं नाही. रेडीमेडवाल्यांना माझी दृष्टी नाही. शिवूनच घेणार.

११ फेब्रुवारी
टेलरबाईकडे गेले. चित्र काढून नेलं होतं. तिच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे मतभेद झाले नाहीत. चित्र तिने आधी उलटं धरलं होतं, तरी तिला आवडलं. मग टाचण्या काढून म्हणाली, एवढं करतोच आहोत तर बाह्यांना फुगे पण काढू का? बाई पेटली होती! मी म्हटलं, काढा. म्हणाली, पाठीला बो? मी म्हटलं, पाठ कॅमेऱ्यात दिसणार नाही. ती म्हणाली, नकाशाकडे वळलात तर? हे मला सुचलं नव्हतं. बो ठरला.

आतून पॅडही लावायचे ठरले. जाड. त्यात फसवणूक नाही. लोक नाही का उंच टाचेचे बूट घालत.

१३ फेब्रुवारी
आज किरकोळ तांत्रिक अडचण.

चौकशीवाली चहा घेऊन केबिनमध्ये आली होती. मी तिला टॉपची रचना समजावून दिली: आधी पॅड, त्यावर चुण्या, चुण्यांवर फ्रिल, फ्रिलवर खिसे, म्हणजे बघणाऱ्याला थांगच लागायला नको. मी जरा जोरात बोलते, सवयीने. बोलून झाल्यावर कळलं की माइक चालू होता.

बाहेर सगळा स्टँड चिडीचूप. हमाल, कंडक्टर, शाळेची ट्रिप. मी प्रसंगावधान राखून लगेच म्हटलं, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. तर बाहेर जो हशा उसळला! मला अजून कळलेलं नाही त्यात हसण्यासारखं काय होतं.

मॅनेजरसाहेब येऊन दारात उभे राहिले. बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, मॅडम, बटण. आणि गेले.

पण लोकांना माहिती हवीच होती. चौकशी खिडकीवर दोघीजणी गाडीची नव्हे, टेलरबाईची चौकशी करून गेल्या. म्हणजे मी समाजकार्यच केलं.

१७ फेब्रुवारी
टॉप आला!!!

घालून बाहेरच्या खोलीत गेले. आईने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. विचारलं, आपण पडदे बदलतोय का? दादा पेपर वाचत होता. त्याने पेपर आणखी वर धरला आणि पेपर हलायला लागला. वहिनी उठली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, तू यात बसू शकतेस का? बसून दाखवलं. बेल्ट वर सरकला, फ्रिल हनुवटीला लागली, दोन्ही खिशांची झाकणं उघडली. वहिनी म्हणाली, हवामान उभं राहूनच सांगतात ना, मग ठीक आहे.

घरच्यांना नवं पचायला वेळ लागतो.

२१ फेब्रुवारी
लवकर झोपायचं. पाणी कमी प्यायचं. पॅड जागच्या जागी राहावेत म्हणून टेलरबाईने चार टाके घालायला सांगितले होते. घालीन सकाळी. मन कमालीचं शांत आहे. (तीनदा उठून टॉप बघून आले.)

२२ फेब्रुवारी, शनिवार
टाके राहिले.

सोबत वहिनी आली होती. स्टुडिओत सगळे माझ्याकडे वळून वळून बघत होते. अपेक्षित परिणाम! कॅमेरावाला मला बघून म्हणाला, आधी बस्ट शॉट घेऊ या. इतक्या वर्षांचं सार्थक झालं. मी खांदे मागे घेतले, श्वास भरून घेतला आणि म्हटलं, अवश्य घ्या. तो म्हणाला, मॅडम, पासपोर्ट फोटोत येतो ना, तेवढा भाग. त्यालाच म्हणतात. श्वास सोडला तरी चालेल.

आवाजवाल्याने टॉपच्या गळ्याला छोटा माइक लावायला घेतला, पण फ्रिलमध्ये त्याला गळा सापडेना. शेवटी लावला. मी हलले की त्याच्या कानात शेतात गाय शिरल्यासारखा आवाज येत होता म्हणे. मला हलू नका म्हणाले. मी हलले नाही.

मग नकाशा. मी उत्तरेकडे हात केला, ढगाळ वातावरण सांगितलं आणि समोरच्या टीव्हीत स्वतःला बघितलं. डावा पॅड हाताबरोबर उत्तरेकडे निघाला होता. खांद्याच्या हाडापर्यंत पोचलासुद्धा. मी हात खाली आणला. तो खाली आला नाही. मग तो झाकायला मी उजवा हात छातीवर आडवा धरला आणि डाव्या कोपराने बाकीचा नकाशा दाखवला. अर्ध्या प्रदेशाला आज हवामान मिळालं नाही.

प्रोड्युसरबाई काचेमागून म्हणाल्या, हात काढा, किनारपट्टी दिसत नाहीये. आता काय करणार! काढला. मागे वळून सावरावं म्हणून फिरले, तर पाठीचा बो नकाशाच्या स्टँडमध्ये अडकला. स्टँड माझ्याबरोबर आला. तरीही मी सांगत होते की काही भागांत हलकी हालचाल संभवते.

आणि मग मला हसू फुटलं. साधं नव्हे. पोटातून. थांबवलं की नाकातून येत होतं. कॅमेरावाला हसला, वहिनी तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडे वळली, आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. मी डोळे पुसत तापमान सांगितलं. कमाल, किमान, दोन्ही. बरोबर सांगितलं.

२३ फेब्रुवारी
विश्लेषण. डिझाइन उत्तम होतं. स्टुडिओतला स्टँड हलका होता. टेलरबाईने बो प्रमाणाबाहेर कडक केला. नकाशाही जरा उंचावर लावला होता. माझ्याकडून चूक शोधूनही सापडली नाही.

जेवले नाही. दादा ताट घेऊन खोलीत आला, ठेवून गेला. जाताना म्हणाला, तू टीव्हीवर नाही आलीस तरी आमच्या सगळ्या गाड्या तूच सोडतेस. त्याला काय कळतं. मला एकदा, एकदाच, लोकांनी बघायला हवं होतं. चांगल्या कपड्यांत.

मग जेवले. दोनदा वाढून घेतलं.

२७ फेब्रुवारी
निवड झाली!!! मी!!!

प्रोड्युसरबाईंचा फोन. म्हणाल्या, बाकीच्या सगळ्या हवामान असं सांगत होत्या की कोणीतरी गेल्याची बातमी वाटावी. तुम्ही हसलात ते आवडलं. म्हणाल्या, फक्त कपडे जरा साधे घाला.

मी त्यांच्या बोलण्यातला अर्थ ओळखला. टॉप फारच प्रभावी ठरला होता, बातमीवाल्यांच्या डोळ्यांवर आला असणार.

केबिनमधून घोषणा केली की सर्व गाड्या वेळेवर आहेत. आनंदात माणूस काहीही बोलतो.

१ मार्च
सौम्य आवृत्ती शिवून घेतली. फक्त बोट नेक, योकखाली चुण्या, आडवे पट्टे, दोन खिसे. फुगे नाहीत, बो नाही. पॅड घट्ट शिवलेले, वादळातही हलणार नाहीत. संयम म्हणतात तो हाच. चौकशीवाली म्हणाली, खरंच गोड दिसतेस. या वेळी खरं बोलली. मला कळतं ना.

आज रेकॉर्डिंग झालं. खांदे मागे, श्वास भरलेला, अंग किंचित तिरपं, पट्टे झळकतील असं. एकही चूक नाही. सोमवारी सातला दाखवणार.

३ मार्च, सोमवार, रात्री आठ
सगळे जमले होते. आई, दादा, वहिनी, चौकशीवाली, वरच्या मजल्यावरचे. टेलरबाई आपलं काम बघायला बहिणीला घेऊन आली होती. मी मागे उभी राहिले, सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून.

सात वाजता मी आले. हनुवटीपर्यंत.

हनुवटीखाली लाल पट्टी: उद्या पाणीपुरवठा दिवसभर बंद. तिच्याखाली पिवळी पट्टी, गावागावांचं तापमान. तिच्याखाली सोफासेटची जाहिरात, जुना द्या नवा न्या. टेलरबाई उठून टीव्हीजवळ गेली आणि खाली वाकून पट्टीच्या खालून बघायला लागली.

चुणी नाही. खिसा नाही. एक पट्टा दिसला असता, तोही नाही.

संपल्यावर टाळ्या वाजल्या. आई तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. फोन खणखणू लागले. पहिला मॅनेजरसाहेबांचा. अभिनंदन म्हणाले आणि विचारलं, पाणी सकाळी किती वाजता जाणार आहे? नंतरच्या सगळ्यांनीही तेच विचारलं. मला काय माहीत! मी ढगांची बाई.

वहिनीने मात्र गळ्यात हात टाकला. म्हणाली, काय गोड हसतेस गं, मी सारखी तुझ्याकडेच बघत होते. मी विचारलं, आणि टॉप? ती जरा गोंधळली. मग म्हणाली, छान होता की. निळाच ना?

एक गोष्ट मात्र लक्षात आली. पडद्यावर माझा चेहरा फार रुंद दिसतो. रुंद चेहऱ्याच्या बायकांनी कसे केस ठेवावेत यावर नक्कीच काहीतरी शास्त्र असेल. आत्ताच बघायला घेणार होते, पण आई आतून हाका मारते आहे. म्हणते, दिसलीस ना टीव्हीवर, झालं मग, आता ये आणि बादली धर.