हीटरचा लाल दिवा

ऊर्जानगर, मे २००३
मंगळवार, संध्याकाळ

हीटरचा लाल दिवा आजही पेटला नाही. पंचवीसवर लावून ठेवलाय. पाणी त्याखाली उतरेल तेव्हा ना! माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आज तेहेतीस अंश. कूलर लावला, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, तरी टाकीतलं जिवंत पोवळं आणखी पांढरं पडलं. दिवसभर प्लांटवर बॉयलरचं तापमान सांभाळतो मी, आणि घरी ही एक काचेची पेटी सांभाळता येत नाही? समुद्राचे जीव चंद्रपुरात आणलेच कशाला?

आई बराच वेळ माशांकडे बघत होती. तिचं अर्धं आयुष्य गावच्या तलावावर मासे धरण्यात गेलं. म्हणाली, "पाणी तापलं का आपले मासे खाली थंड्यात जाऊन बसतेत. इथी खाली जायले जागा कुठी हाय, बाबू?"

बंदच असलेल्या हीटरचा आकडा मी उगाच आणखी खाली फिरवला.