मागचं डावं चाक

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. बारक्या,

ताईचे आशीर्वाद, आणि त्यांच्याआड दडवलेला एक धपाटा. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण दुसरं काही धरायला तू ठेवलेलं नाहीस. फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. म्हणून तू मागे कळवलेल्या गोदामाच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तिथल्या कुणा साहेबाच्या हाती पडलं तर त्यानं वाचू नये, मजकूर घरगुती आहे.

थंडीत हात दुखतो का? गरम पाण्याची पिशवी घे आणि शेकत जा. आळस करशील, मला माहीत आहे.

घरमालकानं जिन्याला हिरवा रंग दिला, तोही असा की कठडा धरला की हात हिरवा. माझं शिवणकाम बरं चाललंय. सध्या शाळेच्या गणवेशांच्या शिलाया उसवून ते मोठे करणं सुरू आहे. पोरं वाढतात, आयांची कापड घ्यायची तयारी नसते. अप्पांची तब्येत वयाला शोभेल अशी. चालताना गुडघा धरतात, आणि मी बघितलं की सोडून देतात.

मोठी बातमी म्हणजे टीव्हीवरच्या मोटार शर्यती बंद झाल्या. म्हणजे शर्यती चालूच आहेत, फक्त फुकटच्या चॅनलवर दिसत नाहीत. त्या आता एका ॲपवर गेल्यात, वर्गणी भरा आणि बघा. तू म्हणशील, ताईला शर्यतींचं काय पडलंय? सांगते, जरा दम धर.

तू गेल्यापासून शर्यतीच्या रविवारी आपल्या पुढच्या खोलीत मंडळ भरायचं, हे तुला ठाऊक नाही. समोरचा न्हावी, कोपऱ्यावरचा चष्मेवाला आणि अप्पांच्या डेपोतला जुना ड्रायव्हर. न्हावी प्रत्येक गाडीवर ओरडायचा, चष्मेवाला त्याला नियम समजावून सांगायचा आणि ड्रायव्हर प्रत्येक वळणावर म्हणायचा, “इथं मी बस अलगद काढली असती.” माझं मशीन त्याच खोलीत, त्यामुळे मी वर्गणी न भरता सभासद.

शर्यती जाणार असं कळलं त्या रविवारी मंडळात नुसता कल्ला. चष्मेवाला म्हणाला, “भरू या की पैसे. चांगली वस्तू कुणी फुकट देतं का? मी चष्मे फुकट वाटतो का?”

“फुकट कुठं बघत होतो?” ड्रायव्हर तापला. “इतकी वर्षं साबणाच्या न् पंख्यांच्या जाहिराती बघितल्या, त्या काय हौसेनं? मी नाही भरणार. मेलो तरी ते ॲप बघणार नाही.”

न्हावी वेगळ्याच दुःखात होता. “माझ्या दुकानात केस कापायला आलेली पोरं समोर शर्यत बघायची आणि तिथंच नादाला लागायची. वर्गणी भरून कोण नादाला लागतं हो? आधी नाद लागतो, मग माणूस खिशात हात घालतो. हे लोक दारच बंद करून बसले.”

“पण तिथं जाहिराती नाहीत,” चष्मेवाला म्हणाला. “शिवाय हवा तो कॅमेरा लावता येतो. गाडीतला, चाकं बदलतात त्या पिटमधला, हवा त्या संघाचा.”

हे ऐकलं आणि मी मशीन थांबवून मध्ये पडले. ड्रायव्हरच्या बाजूनं अशी भांडले की ड्रायव्हरच गप्प झाला. गरिबानं बघायचं काय, आज शर्यत नेली, उद्या बातम्या नेतील, एकानं भरले की सगळ्यांना भरावे लागतात, जे सुचेल ते बोलत सुटले. न्हावी म्हणाला, “ताई, तुम्ही तर कधी नीट मान वर करून बघितलं नाही!” मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व कसलं रे, मला त्या पिटच्या कॅमेऱ्याची धास्ती.

अप्पा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “नको. निकाल पेपरात येतोच.” आणि उठून आत गेले.

निकाल पेपरात येतो. चाकं बदलणाऱ्यांचे फोटो पेपरात येत नाहीत.

आता तू कधीच न विचारलेली गोष्ट सांगते. तू घर सोडलंस तेव्हा अप्पा म्हणाले होते, “चाकंच बदलायची होती तर आपल्या डेपोत काय चाकांचा दुष्काळ पडलाय?” उभा जन्म त्यांनी डेपोत बसची चाकं चढवली आणि साहेबाच्या हातापाया पडून तुझ्यासाठी तीच जागा मिळवली होती. ती लाथाडून तू शर्यतीच्या संघात गेलास. त्यानंतर तू त्यांच्याशी बोलला नाहीस, तेही तुझ्याशी बोलले नाहीत. तू समजलास, म्हाताऱ्यानं नाव टाकलं.

अरे, तुझ्या संघाची पहिली शर्यत लागली त्या दिवसापासून तो म्हातारा टीव्हीसमोर बसला. गाडी पिटमध्ये येणार, सारख्या कपड्यांतली, सारख्या हेल्मेटमधली माणसं तिच्यावर तुटून पडणार, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी बाहेर. तेवढ्यात त्यांनी तुला हुडकलं. कशावरून, तर डेपोत चाक बसवून झालं की अप्पा टायरवर उघड्या तळव्यानं एक चापट मारायचे, आठवतं? झालं, जा आता, अशी. तू तुझ्या तीनचाकी सायकललाही मारायचास. मागच्या डाव्या चाकाशी बसलेल्यानं ती चापट मारली आणि अप्पांचा हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर पडला. पुढं प्रत्येक शर्यतीत तसंच. गाडी पहिली आली की शेवटची, त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मंडळाला सगळं कळत होतं, पण तेही सुज्ञ. तुझं नाव कुणी काढलं नाही. फक्त तुमची गाडी पिटमध्ये वळली की न्हावीसुद्धा गप्प बसायचा.

मग गेल्या वर्षी तुझा तो फोन आला. गाडी जॅकवरून घसरली, उजवा हात खाली सापडला, संघानं सोडलं, आता टायरच्या गोदामात काम धरलंय. आणि वर तुझी अट, “अप्पांना सांगू नकोस. म्हणतील, माझंच खरं झालं.” मी हो म्हटलं. तेव्हा तू रडत होतास, दुसरं काय म्हणणार होते?

त्याच्या पुढच्या रविवारी मी मान वर करून बघितलं. मला वाटलं होतं, आज अप्पांना कळेल. तर मागच्या डाव्या चाकाशी तुझ्याच चणीचा कुणीतरी बसला, त्यानं चाक चढवलं आणि वर चापट मारली. अप्पांचा हात मांडीवर पडला.

तेव्हापासून अप्पा एका परक्या माणसाला आपला मुलगा म्हणून बघत आले, आणि मी शेजारी बसून बाह्या शिवत राहिले. एकदा उठताना त्याचा पाय जरा लचकला. अप्पा आठवडाभर मला विचारत होते, “गुडघ्याला पट्टा बांधत असेल ना गं?” कोण, ते सांगायचे नाहीत. मी म्हणायची, बांधत असेल.

म्हणून चॅनलवर शर्यत दिसेनाशी झाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, सांगायला नको, लपवायला नको, आपोआप मिटलं.

मिटलं कसलं! रविवार आला की अप्पा दुपारी टीव्हीची काच पुसायचे, रिमोट हातात घ्यायचे आणि तसेच बसून राहायचे. मंडळही मोडलं. चष्मेवाला आपल्या घरी ॲपवर बघायचा, ड्रायव्हर त्याच्याशी बोलेना, न्हावी दोघांच्या दाढ्या करून दोघांचंही ऐकून घ्यायचा. अप्पांचं जेवण कमी झालं. निकालाचं पान ते वाचायचे आणि घडी करून माझ्या मशीनवर ठेवून द्यायचे.

परवाच्या रविवारी चष्मेवाला न सांगता आला आणि आपल्या टीव्हीवर ते ॲप बसवून मोकळा झाला. “काका, मी भरलेत. विषय बंद.” मागोमाग न्हावी आला. आणि मेलो तरी बघणार नाही म्हणणारा ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढची खुर्ची धरून बसला. अप्पा किती दिवसांनी हसले, बारक्या. मी कसं नको म्हणू?

शर्यत सुरू झाल्यावर अप्पांनी हळूच विचारलं, “तो पिटचा कॅमेरा म्हणत होतास, तो लागतो का रे?”

चष्मेवाल्यानं लावला. तुझा जुना संघ समोर, अगदी आपल्या खोलीत आल्यासारखा. पहिल्यांदा गाडी आली, चाक चढलं, चापट झाली. अप्पा पुढे सरकून बसले. मग तिकडे पावसानं झोडपलं आणि शर्यत थांबवली.

पूर्वी शर्यत थांबली की चॅनल जाहिराती लावायचं. साबण, पंखे, मग पुन्हा शर्यत. पैसे भरलेल्या शर्यतीत जाहिराती नाहीत. कॅमेरा तिथंच राहिला. काम नव्हतं, म्हणून ती माणसं एकेक करून हेल्मेट काढायला लागली. मी उठले, काहीतरी करून टीव्ही बंद करावा म्हणून. मागच्या डाव्या चाकाचा माणूस टायरवर बसला, त्यानं हेल्मेट काढलं आणि तोंडावरून हात फिरवला. भुऱ्या दाढीचा, तुझ्याहून लहान मुलगा. कुणीतरी त्याला कप दिला. तो हसला.

मग न्हावी म्हणाला, “जागा बदलली असेल, काका. पुढच्या चाकाला असेल.” चष्मेवाला घाईघाईनं कॅमेरे बदलायला लागला. अप्पांनी प्रत्येक तोंड बघितलं. सगळी. चष्मेवाला पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागला तेव्हा त्यांनी हातानंच पुरे म्हटलं.

माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला ठाऊक होतं.”

मी सगळं सांगितलं. मंडळासमोरच. तुला दिलेला शब्द मोडला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, हेही कळवते. वाईट वाटतं ते अप्पांच्या चेहऱ्याचं. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठला हात?”

“उजवा,” मी म्हटलं.

ते आपला उजवा तळवा उघडून बघत बसले. तेवढ्यात शर्यत पुन्हा सुरू झाली, गाडी आली, त्या मुलानं चाक चढवलं, चापट मारली. अप्पांचा हात तसाच उघडा राहिला. मग म्हणाले, “चापट आपली आहे. त्यानं शिकवली असणार.” आणि चष्मेवाल्याला म्हणाले, “काढून टाक ते. तुझे पैसे वाया गेले बघ.” ड्रायव्हर बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्याखाली हिरवा रंग लागलेला होता. कुणी हसलं नाही.

काल सकाळी अप्पा मला म्हणाले, “त्याला लिही.” मी विचारलं, काय लिहू? मग म्हणाले, “म्हणावं, रिम नसलेले टायर उभे ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत. वजनानं खालचे दबतात. आणि एका हातानं ओढू नकोस म्हणावं, मांडी लाव.” एवढं सांगून आत गेले. त्यांचंच खरं झालं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तू ज्या वाक्याला भिऊन वर्षभर लपलास, ते वाक्य त्यांच्या तोंडात नाही.

मला तुझा राग आलाय, आणि तुझी फार आठवण येते. दोन्ही खरं.

येत्या रविवारी शर्यत आहे. मंडळ येणार नाही, अप्पांनीच नको म्हटलंय. पण ते खुर्चीत बसतील, बंद टीव्हीसमोर, हे मी लिहून देते. त्या वेळी माझा फोन मशीनवर ठेवलेला असेल. तू फोन कर. नुसता लावून गप्प बसू नकोस. खूण करू नकोस. चापट कुणाचीही असू शकते, हे त्यांना आता कळलंय. या खेपेला तुला तोंडानं “अप्पा” म्हणावं लागेल.

तुझी वाट बघणाऱ्याच्या शेजारी बसलेली,
ताई